सदतीस नंबरचं मत

"पोरी, माणसाचं मत चहा पिताना विचारावं. कागद घेऊन विचारलंस की ती झडती होती," आप्पा टाइमकीपर म्हणाले होते.

मी हसले. आप्पा दारातल्या दगडावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. पस्तीस वर्षं गिरणीत लोकांच्या येण्याजाण्याची वेळ लिहून ते निवृत्त झालेले. आता मुलगा गिरणीत, म्हणून खोली राहिलेली. वसाहतीत कोण कधी आलं नि कधी गेलं यावर अजूनही त्यांची नजर असायची. मी गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं. त्यावरचा फोटो माझ्या लग्नातला होता, मुंडावळ्या कापून चिकटवलेला.

"आप्पा, यात नाव लिहीतच नाही. सगळं गोपनीय असतं. आम्हाला बी.ए.ला यावर अख्खा पेपर होता, संशोधन पद्धती."

"पास झालीस?"

"फर्स्ट क्लास."

"मग तर अवघड झालं." त्यांनी चष्मा लावून फॉर्म हातात घेतला. "वर ही पट्टी कसली?"

"खोली नंबरची. मी खरंच घरोघरी गेले का, ते पुण्याहून तपासतात. मग ती पट्टी फाडून टाकतात."

"कोण फाडतंय?"

"आमचे सर."

"फाडताना तू बघणार हाईस?"

 म्हाताऱ्या माणसाला काय समजवायचं, असं मनात म्हटलं आणि पहिला प्रश्न वाचला. आप्पांनी चौदाच्या चौदा प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "सांगता येत नाही." शेवटी मी वैतागून म्हटलं, "आप्पा, तुमचं वय किती?" त्यावरही ते तेच म्हणाले.

याला आता नऊ वर्षं झाली.

तेव्हा आमची सहकारी सूतगिरणी चौदा महिने बंद होती. चेअरमन आणि त्याच्या गोतावळ्यानं ती पोखरून खाल्ली, असं सगळे म्हणत. शेवटी एका खाजगी कंपनीनं गिरणी भाड्यानं चालवायला घ्यायची ठरली. कंपनी नव्या मशिनी आणणार होती. जुन्या साडेतीनशे कामगारांतले दोनशे दहा तेवढे परत घेणार, यादी गेटवर लागणार, ज्यांचं नाव नसेल त्यांनी तीन महिन्यांत खोली सोडायची. वसाहतीत दुसरा विषयच नव्हता. बायका नळावर हंडे भरून झाले तरी तिथंच उभ्या असायच्या.

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिचं वजन वाढत नव्हतं. अंगणवाडीच्या बाईंनी तक्त्यावर तिचा ठिपका लाल पट्ट्यात टाकला होता आणि मी तो रोज डोळ्यांपुढं आणत बसायची. भरतेश, माझा नवरा, गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर तो मिळेल तिथं मागावर बदली कामगार म्हणून जाई. संध्याकाळी घरी आला की भिंतीला टेकून एकच पाढा सुरू करी. "मालक आला की आपल्याला भाजी निवडल्यागत निवडणार. किडकं तेवढं बाजूला. युनियन उभी केल्याशिवाय गत्यंतर न्हाई." मी म्हणायची, "हळू बोला. पोरगी झोपलीय." पोरगी जागी असायची. मला भीती भिंतीची वाटायची.

अशात पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. 'औद्योगिक दृष्टिकोन अभ्यास.' वसाहतीतल्या प्रत्येक आजी-माजी कामगाराची मुलाखत घ्यायची, फॉर्ममागं ठरलेले पैसे. पदवी झालेली, घरात असलेली आणि सगळ्यांच्या ओळखीची बाई त्यांना हवी होती. केदार सर म्हणून एकजण आले, माझ्याच वयाचे, अगदी मऊ बोलणारे.

"लोक तुमच्याशी मोकळेपणानं बोलतील, मॅडम. हीच तुमची ताकद आहे."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं. सर गेले तेव्हा त्यांच्या गाडीच्या काचेवर बंद गिरणीचा नवाकोरा गेटपास दिसला. कुठं काय चिकटवलंय, कुणाच्या दारात कुणाची चप्पल आहे, हे मला दिसतंच. पास दिसला, आणि मी आत येऊन पोरीचं दूध ढवळायला लागले.

आमच्या वसाहतीची एक रीत होती. तिथं नावं लागत नसत. पाच जण पाटील, चार जण कांबळे, सहा जण मगदूम, मग ओळखायचं कसं? म्हणून खोलीचा नंबर. 'बारा नंबरच्या घरी पाळणा हलला', 'साठ नंबरला पाव्हणे आलेत.' पत्रिकासुद्धा नंबरावर वाटल्या जायच्या. मी दारोदार सांगत होते, "नाव कुठंच लिहीत नाही हं, अगदी निर्धास्त बोला," आणि वरच्या पट्टीवर खोली नंबर टाकत होते. खोटं एक अक्षर बोलत नव्हते. ऐकणाऱ्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. नाव नाही म्हणजे नाही.

पहिलाच प्रश्न होता, 'भांडवलशाही व समाजवाद यांपैकी कोणती व्यवस्था आपणांस अधिक योग्य वाटते?' हे असं वाचलं की माणसं सावरून बसायची. मी सोपं करून विचारायची, "मालकाचं चांगलं का सगळ्यांचं?"

"मालक पाहिजे," बेचाळीस नंबरचे बंडू कोळी म्हणाले. "धाक पाहिजे, धाक. सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच न्हाई. खात्यातला बल्ब गेला तर ठराव व्हायला तीन महिने. तवर अंधारात धागा जोडायचा. मालक असता तर दुसऱ्या मिनिटाला बल्ब लागला असता."

"आणि पगार कापला असता," आतून त्यांची बायको म्हणाली.

"तुला विचारलंय का?"

"मग कुणाला विचारलंय? पगार माझ्या हातात येतोय."

एकावन्न नंबरच्या वहिनींना सरकार हवं होतं. सगळं सरकारी व्हावं, मग पेन्शन मिळते. मग पोरगा सरकारी शाळेत का नाही, म्हणून मी सहज विचारलं. "अगं, तिथं शिकवत न्हाईत," त्या म्हणाल्या. एका पोरसवदा कामगारानं पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि शेवटी विचारलं, "वैनी, या दोन्हीत सुट्टी कशात जास्त हाय?"

मला मजा वाटत होती. रोज वीस-बावीस फॉर्म होत. पोरगी सांभाळायला इंदाक्का होती.

इंदाक्का लोहार, सदतीस नंबर. आमच्या आणि तिच्या खोलीत एकच भिंत. वाइंडिंग खात्यात सव्वीस वर्षं सूत गुंडाळून कोन भरलेले, तुटलेला धागा डोळे मिटून जोडायची. नवरा गिरणीतच गेला होता, हृदयविकारानं, कापूस पिंजायच्या ब्लोरूमच्या दारात. मूलबाळ नाही. कापसाच्या धुळीनं छाती भरलेली, जिना चढली की दोनदा थांबायची. पण माझ्या पोरीला मांडीवर घेतलं की ती मांडी तासन्‌तास हलत नसे. नाचणीचं सत्त्व तिनंच सुरू केलं. मी पुस्तकात वाचून घाबरायची, ती चमच्यानं भरवून मोकळी व्हायची. महिन्याभरात तक्त्यावरचा ठिपका लालातून पिवळ्यात आला होता.

तिचा फॉर्म मी सगळ्यात शेवटी घेतला. ती मिरच्यांची देठं खुडत होती. पोरगी शेजारी पालथी पडून रिकामी परात वाजवत होती.

"आक्का, तुमची मुलाखत राहिली."

"माझी कसली गं मुलाखत? मी काय मंत्री हाय?"

"सगळ्यांची घ्यायचीय. मालकाचं चांगलं का सगळ्यांचं, सांगा."

ती हसली. हसताना खोकली. "लेकी, माझा शेअर हाय गिरणीत. ह्यांच्या मागं माझ्या नावावर झाला. फ्रेम करून लावलाय बघ, देवाशेजारी."

"त्या शेअरवर कधी काय मिळालं का तुम्हाला?"

"चिवडा मिळायचा. वर्षाच्या सभेला. पेढा आणि चिवडा." तिनं देठं सुपात टाकली. "तुला गंमत वाटतीय. पण बघ, पाच वर्षांतनं एकदा त्यो चेअरमन गाडीतनं उतरून माझ्या ह्या दारात यायचा. हात जोडायचा. 'आक्का, लक्ष असू दे.' मी मुद्दाम त्याला उभा ठेवायची, पाणी उशिरा द्यायची. मालक कशाला येतोय गं माझ्या दारात?"

"अहो, पण त्या चेअरमननंच गिरणी खाल्ली ना?"

"खाल्ली की. चोरच होता. पण आम्ही निवडलेला चोर होता. आमची चूक आम्ही केलेली. उद्याचा चोर आम्हाला कोण विचारून आणणार हाय?"

मी लिहिलं : सहकारी. पुढचे प्रश्न भराभर झाले. संघटना हवी का? हवी. पगार सगळ्यांना सारखा की कामाप्रमाणं? "कामाप्रमाणं. पण काम कोण मोजणार, ते आधी सांग म्हणावं." अकरावा प्रश्न होता, 'नव्या व्यवस्थापनाचा निर्णय पटला नाही तर आपण काय कराल?' चार पर्याय होते. विश्वास ठेवून काम चालू ठेवीन. वरिष्ठांना सांगेन. संघटनेमार्फत विरोध करीन. काम थांबवीन.

आक्कानं खुडणं थांबवलं. "ह्ये कशाला विचारत्यात?"

"अभ्यास आहे, आक्का. पुण्याची संस्था आहे."

"नाव न्हाई ना लिहीत?"

"नाही. शपथ."

"मग लिही शेवटचं. एकदा आम्ही बायकांनी थांबवलं हुतं काम. संडासाला दार न्हवतं वाइंडिंगमधी. तीन तास एक कोन फिरला न्हाई. चौथ्या तासाला दार आलं." तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही. "लिही, काम थांबवीन. तुझ्यापाशी कशाला खोटं बोलू?"

मी चौथ्या चौकोनात खूण केली. वर पट्टीवर ३७ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी केदार सर गठ्ठे न्यायला आले. आदल्या संध्याकाळी मी सगळे फॉर्म चटईवर मांडून नंबरवार लावत होते. भरतेशनं जेवताजेवता विचारलं, "आपला राहिला का? माझी मुलाखत कधी घेणार, मॅडम?"

"तुमचं सगळं मला पाठ आहे," मी म्हटलं. "मी भरून टाकते."

"नीट भर. युनियनचं ठळक कर."

"बरं."

गाडी गेली. पैसे मिळाले. मी पोरीसाठी चांगल्या दुधाचा डबा आणला आणि इंदाक्काला एक ब्लाउजपीस.

यादी अडीच आठवड्यांनी लागली, सकाळी दहाच्या सुमारास. गेटवर तोबा गर्दी. नावं होती, पण प्रत्येक नावापुढं खोली नंबरही टाइप केलेला. पूर्वी गिरणीच्या कुठल्याही कागदावर असा नंबर नसायचा. हजेरीला टोकन नंबर असे, खोलीचा कधीच नाही. मी पोरीला काखेत घेऊन उभी होते आणि तो आकड्यांचा रकाना पाहत होते. माझ्याच क्रमानं लावलेला होता.

अडतीस नंबर, मगदूम भरतेश, फिटर. होता.

बेचाळीस, बंडू कोळी. होते. आप्पांचा मुलगा होता. सुट्टी विचारणारा पोरगा होता. छत्तीसनंतर एकदम अडतीस आला होता. मी पुन्हा वरून वाचत आले. मग ज्यांनी अकराव्या प्रश्नाला तिसरा किंवा चौथा पर्याय सांगितला होता, असे जेवढे आठवत होते तेवढे नंबर शोधले. एकोणीस, तेवीस, चोपन्न, अडुसष्ट. एकही नव्हता. चोपन्न नंबरचा तर साऱ्या गिरणीत उत्तम जॉबर, मशिनींवरचा मुकादम, म्हणून नावाजलेला.

भरतेशनं मागून माझा खांदा दाबला. "लागलं! अगं, लागलं आपलं!" त्याचे डोळे भरले होते. "मला वाटलंच न्हवतं. एवढं तोंड टाकून बोलतोय मी सगळीकडं."

मी म्हटलं, "घरी चला."

इंदाक्का गेटवर आली नव्हती. चालवत नव्हतं तिला. ती दारात वाट बघत होती. आम्हाला बघून म्हणाली, "काय झालं गं? भरतेशचं लागलं?"

"लागलं, आक्का," भरतेश म्हणाला.

"बरं झालं बाई. पोरीच्या दुधाची काळजी मिटली." मग माझ्याकडं बघून, "आणि माझं?"

मी नकारार्थी मान हलवली. भरतेश आत गेला. त्याला तिथं उभं राहवेना.

आक्का उंबऱ्यावर बसली. बसताना तिची छाती घरघरली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "वयामुळं असंल."

मी 'हो' म्हणू शकले असते. म्हणणारही होते.

"चोपन्नवाल्या दत्तूचं लागलं?"

"नाही."

"त्यो तर तिशीतला हाय."  तिचे ओठ हलत होते, वाइंडिंगवर कोन मोजताना हलायचे तसे. "तेवीसची सुमन?"

"नाही, आक्का."

"त्या दोघांनी काय सांगितलं हुतं गं तुला?"

मी पोरीला या काखेतून त्या काखेत घेतलं.

"माझ्या कागदावर काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"एक अक्षर इकडंतिकडं केलं न्हाईस?"

"नाही."

"आणि भरतेशच्या?"

 ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, तुटलेल्या धाग्याचं टोक शोधावं तसं.

"चौदा महिनं ह्या भिंतीपलीकडनं ऐकतीय मी त्येला," ती म्हणाली. "मालकाला श्या दिल्याशिवाय त्याचं जेवण उतरत न्हाई. त्याच्या कागदावर काय लिहिलंस, त्रिशला?"

त्याआधी तिनं मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. लेकी म्हणायची, बाई म्हणायची.

भरतेशच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं : खाजगी मालक योग्य. संघटना आवश्यक नाही. निर्णय पटला नाही तर विश्वास ठेवून काम चालू ठेवीन. चटईवर बसून दोन मिनिटांत लिहिलं होतं. हात थांबलाही नव्हता. त्याच्या आधीचाच फॉर्म, सदतीस नंबरचा, मांडीवर होता. कोरे फॉर्म चार उरले होते. त्यातल्या एकावर तिचाही नवा फॉर्म झाला असता, आणखी दोन मिनिटांत. तसं मनात आलंही होतं. पण दुसऱ्याच्या उत्तरात फेरफार करणं म्हणजे अप्रामाणिकपणा, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. आपल्या घरच्या उत्तरात करायला कुणाला शिकवावं लागलं नाही.

गेटपास मी बघितला होता. आप्पांचं ऐकलं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होते. ठाऊक नसतं तर भरतेशचं मी त्यानं सांगितलं तसंच लिहिलं असतं.

"पोरीसाठी केलं, आक्का," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुझं बरोबरच हाय. माझं कोण हाय?" आणि हात पुढं केले. "आण तिला इकडं. सत्त्वाची येळ झालीय."

तिनं त्या दिवशीही पोरीला भरवलं. पुढं तीन महिने भरवत राहिली. हे मला शिव्या घालण्यापेक्षा वाईट होतं. खोली सोडली त्या दिवशी टेम्पोत एक ट्रंक, एक चूल आणि मिरच्यांचं पोतं एवढंच होतं. शेअरची फ्रेम तिनं नेली नाही. खिळ्यासकट तिथंच ठेवली. नवे लोक आले त्यांनी काच काढून घेतली आणि कागद बंबात घातला.

भरतेशला मी सांगितलं, पण दोन वर्षांनी. तोवर कंपनीनं परत घेतलेल्यांतल्या निम्म्या लोकांना ठेकेदाराकडं वर्ग केलं होतं. पहिला नंबर बंडू कोळींचा लागला. ते म्हणाले, "चेअरमनला शिव्या तरी देता येत हुत्या. ह्या ठेकेदाराचं तोंड सुदिक बघितलं न्हाई." खात्यातले बल्ब मात्र आता लगेच बदलतात. भरतेश सगळं ऐकून म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस." मग म्हणाला, "पण माझं मत होतं ते." त्यानंतर घरात तो राजकारणाचं बोलत नाही. भिंतीपलीकडं काय जातं, याची मला आता काळजी नसते.

माझी मुलगी चौथीत आहे, तब्येतीनं चांगली. धाकटा अकरा महिन्यांचा. नाचणीचं सत्त्व मी आता पुस्तक न बघता करते. गिरणीच्या ऑफिसात मला नोकरी आहे. दर वर्षी कामगारांचं समाधान सर्वेक्षण असतं, ते मीच घेते. अलीकडं सगळे हसून उत्तरं देतात, "छान चाललंय, मॅडम." टक्केवारी उत्तम येते. नवा साहेब एकदा म्हणाला, इथले लोक किती समजूतदार आहेत.

इंदाक्का निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या वखारीत कामाला लागल्याचं आप्पांकडून कळलं होतं. कुणा भाचीकडं राहते म्हणे. कापसानं भरलेली छाती घेऊन ती तंबाखूच्या धुळीत बसलीय. फोन लागत नाही. एसटीनं सव्वा तासाचा रस्ता आहे. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा निपाणीच्या स्टँडवरूनच परत आले. तिच्या दारात उभी राहिले तर ती मला घोटभर पाणी देईल, लगेच देईल, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठीच पाऊल पुढं पडत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या भागात असेल, किंवा कुणाची आई, मावशी वखारीत जात असेल, तर एवढं करा. इंदुमती लोहार, साठीच्या पुढची, उजव्या भुवईवर जुना व्रण, बोलताना मध्येच थांबून श्वास घेते. तिच्या घरी जाऊन या. दोन पायऱ्या चढून तिला किती दम लागतो ते बघा, जेवण कुणी देतं का बघा, आणि दवाखान्यात न्यावं लागलं तर न्या. मला कळवा. मी पाठवलंय असं सांगू नका.